हायब्रीड गाडी कुरकुरायला लागली तर आधी काय बघायचं (कोल्हापूरच्या पावसात, घाटात आणि उसाच्या रानात गाडी चालवणाऱ्यांसाठी)

हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी. मीटरवर 'चेक हायब्रीड सिस्टीम' आलं की गल्लीतले चार जण बॉनेटभोवती जमतात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो, मोठी बॅटरी गेली, आता लाखाला खड्डा. लई घाई करतात लोक. बऱ्याचदा भानगड कुठंतरी बारक्या ठिकाणी असते, बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरलेली असते, मोठ्या बॅटरीला हवा देणारी जाळी धुळीनं तुंबलेली असते, ब्रेक गंजून धरलेले असतात नाहीतर उंदरानं वायर खाल्लेली असते. म्हणून बघायला सुरुवात स्वस्त गोष्टीपासून करायची आणि मग महागाकडं जायचं. आणि प्रत्येक कामाला शोरूमच पाहिजे असंही काही नाही, ब्रेक, टायर, सस्पेन्शन, ऑइल ही कामं शिवाजी उद्यमनगरातला चांगला मेस्त्री आरामात करतो. फक्त नारंगी रंगाची जाड केबल दिसली की तिथून पुढं हात घालायचा नाही, मेस्त्री कितीही जुना असू दे. प्रियससारख्या गाडीत बॅटरी साधारण २०० व्होल्टची असते, पण मोटरला देताना इन्व्हर्टर ते ६५० पर्यंत चढवतो, आणि गाडी बंद केल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं करंट राहतो. ट्रेनिंग घेतलेला माणूस, रबरी हातमोजे आणि काढलेला सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा करंट तोडणारा खटका) असल्याशिवाय त्या भागात काम नाही.

आधी आपली गाडी कुठली ते बघा

अर्टिगा, ब्रेझा यांच्यावर 'स्मार्ट हायब्रीड' लिहिलेलं असतं ती माइल्ड हायब्रीड. त्यात पट्ट्यावर चालणारा एक जनरेटर इंजिनाला थोडा हात देतो, पण निव्वळ मोटरवर गाडी चालत नाही. तिथं दुखणी ठरलेली, पट्टा चिरचिरतो किंवा सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं थांबतं. दुसरं झालं की लगेच घाबरू नका, एसी जोरात असेल, सीटबेल्ट लावला नसेल किंवा बॅटरी थकली असेल तरी गाडी मुद्दामच इंजिन बंद करत नाही.

हायरायडर, ग्रँड विटाराचं स्ट्राँग मॉडेल, हायक्रॉस, इनव्हिक्टो, होंडा सिटी ई-एचईव्ही, कॅमरी या खऱ्या स्ट्राँग हायब्रीड. पुढचं सगळं मुख्यतः यांच्याबद्दल.

बारा व्होल्टची बॅटरी, बऱ्याच भानगडींचं मूळ

लोकांना वाटतं एवढी मोठी बॅटरी असताना छोटीची काय गरज. पण गाडीतले सगळे कॉम्प्युटर, लॉक, लाइट आणि मोठ्या बॅटरीला सिस्टीमशी जोडणारे रिले हे सगळं छोट्या बॅटरीवर जागं होतं. तिजोरी भरलेली पण किल्ली मुनिमाच्या खिशात, आणि मुनीमच झोपलेला, तसला प्रकार. मग बटण दाबलं तर 'रेडी' (म्हणजे गाडी चालायला तयार) येत नाही, मीटरवर एकदम पाच-सहा वॉर्निंग येतात, कधी ब्रेकची, कधी स्टिअरिंगची, कधी हायब्रीडची, आणि माणूस हबकतो. आणि ही बॅटरी उतरत आल्याचं आधी कळतही नाही, कारण साध्या गाडीत सेल्फ मारताना घुर्र घुर्र करत आवाज बसतो तसं इथं होत नाही, टोयोटाच्या हायब्रीडात तर वेगळा सेल्फच नसतो, मोठ्या बॅटरीवरची मोटरच इंजिन फिरवते.

तपासायला मल्टिमीटर पाहिजे, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. गाडी रात्रभर उभी राहू दे, सकाळी दार उघडायच्या नादात फार दिवे न पेटवता बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ ला आली की साधारण अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा आणि दोन दिवसांनी परत खाली आली तर बदला. मग गाडी रेडीत आणून परत बघा, आता १३.५ ते १४.५ च्या मधे दाखवायला पाहिजे. रेडीत असूनही १२ वरच अडकलं असेल तर मोठ्या बॅटरीवरून छोटी भरणारा कन्व्हर्टर काम करत नाही, आणि ते घरचं काम नाही.

बदलताना एक लक्षात ठेवा. बॅटरी डिकीत किंवा केबिनच्या बाजूला बसवलेली असेल तर गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीची, त्या गाडीला सांगितलेली एजीएम (ॲसिड न सांडणारी, सीलबंद) बॅटरीच बसवायची, 'ह्येच्यात काय फरक पडतोय' म्हणून साधी बसवू नका.

जंप स्टार्ट करता येतं, मॅन्युअलमध्ये टर्मिनल कुठं आहे ते दिलेलं असतं. प्लस-मायनस उलटं लागलं तर मात्र फ्यूज आणि महागडे भाग एका क्षणात जातात. रात्री आडरस्त्याला उसाचा ट्रक थांबवून वायर लावायचा मोह होतो, तो टाळा, बऱ्याच मोठ्या ट्रकांत २४ व्होल्टची सिस्टीम असते. आणि आपली हायब्रीड वापरून दुसऱ्याची गाडी जंप करायला जाऊ नका, शेजारी कितीही जवळचा असला तरी. धक्का स्टार्ट हा विषय तर डोक्यातून काढूनच टाका, क्लच नाही, गिअर नाही, दहा पोरं लावली तरी इंजिन फिरणार नाही.

गाडी दारात ताडपत्रीखाली उभी आणि पोरगा पुण्याला, महिन्यातून एकदा येतोय, असं असेल तर आठवड्या-दहा दिवसांनी घरातल्या कोणालातरी सांगून अर्धा तास रेडीत ठेवायला लावा, गाडी मोकळ्या जागेत असू दे, बंद गॅरेजमध्ये नको, कारण इंजिन मधेच चालू होणार. नुसतं रेडिओ लावून बसलं तर चार्ज होत नाही, उलट उतरते. स्मार्ट चावी गाडीजवळच्या खुंटीला अडकवू नका, चावी आणि गाडी एकमेकांशी बोलत राहतात आणि बॅटरी खातात.

आवाज, कुठला नेहमीचा आणि कुठला दुखण्याचा

हायब्रीड घेतल्यावर निम्मे फोन आवाजाचेच असतात. दार उघडलं की पुढून बारीक घुंईऽऽ येतं, तो ब्रेकचा पंप प्रेशर भरतोय. गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ काहीतरी गुणगुणतं, ते पण ठीक. मागच्या सीटजवळ पंखा फिरतो, तो बॅटरीचा. हळू चालताना गाडी मुद्दाम आवाज करते, रस्त्यावरच्या माणसाला कळावं म्हणून. उभ्या गाडीत इंजिन आपोआप चालू होऊन थोड्या वेळानं बंद होतं. थांबायच्या आधी, साधारण १० च्या स्पीडला ब्रेकचा फील किंचित बदलतो, कारण मोटरचं ब्रेकिंग संपून खरे पॅड धरतात. यातल्या कशासाठीही गॅरेजला जायची गरज नाही.

दुखण्याचे आवाज वेगळे. स्पीडबरोबर वाढत जाणारा घरघर आवाज म्हणजे बहुतेक व्हील बेअरिंग, नाहीतर झिजलेले टायर. साध्या गाडीत इंजिनाच्या आवाजात हा झाकला जातो, हायब्रीडात मोटरवर चालताना लवकर ऐकू येतो, तेवढा फायदाच आहे. पहाटे विद्यापीठाच्या बाजूला रस्ता मोकळा असतो तिथं ४०-५० वर हलकेच डावं-उजवं वळवून बघा, डावीकडं वळवल्यावर आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग आधी तपासायला सांगा. सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना काही सेकंद गडगड हादरत असेल आणि कूलंट कुठं गळती दिसत नसताना कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि थांबू नका. हे जुन्या प्रियसमध्ये जास्त बघायला मिळतं, तिथं ईजीआरचा (धूर परत इंजिनात नेणारा) मार्ग काजळीनं तुंबतो, तो साफ करून घेतलेला बरा.

सीटजवळची जाळी

बऱ्याच हायब्रीडांत बॅटरी केबिनमधल्या हवेनं थंड होते. हवा आत ओढायची जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असते, नक्की कुठं ते मॅन्युअलमध्ये बघा. आपल्याकडं त्या जाळीसमोर गुळाच्या ढेपा, तांदळाची पोती, लग्नाच्या बॅगा असं काय काय कोंबलेलं असतं. हवा गेली नाही की बॅटरी तापते, पंखा जोरात ओरडायला लागतो, मोटर कमी मदत करते, मायलेज पडतं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर बॅटरीचं आयुष्य खरंच कमी होतं. हा एक असा विषय आहे की ज्यात पाच मिनिटांचं काम आणि वाचणारा पैसा यांचा काही मेळच नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी जाळी काढून झाडा, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. फिल्टर धुण्याजोगा आहे असं मॅन्युअलनं सांगितलं असेल तरच धुवा, आणि पूर्ण वाळवूनच बसवा. पाणी मारायचं नाही आणि कॉम्प्रेसरनं हवा आत फुंकायची नाही, धूळ थेट बॅटरीवर जाऊन बसते. कुत्रा गाडीतून फिरवत असाल तर केस लई लवकर अडकतात. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत बसलं की आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या आणि मग एसी लावा, बॅटरीलाही तीच हवा मिळते.

ब्रेक, आणि आपला पाऊस

हायब्रीडचे पॅड लई टिकतात हे खरं, कारण बरंचसं थांबवायचं काम मोटरच करते आणि त्यातून बॅटरी भरते. पण न वापरलेली गोष्ट गंजते. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात चार महिने पाऊस, त्यात डिस्क ओली, पॅड टेकतच नाही, मग डिस्कच्या कडेला गंजाची पट्टी तयार होते आणि कॅलिपरच्या स्लाइड पिना आतल्या आत धरतात. पॅड जाड आहे म्हणून मालक खूश असतो आणि आतला पॅड मात्र तिरका खाऊन संपलेला असतो.

पावसाळा संपला की, म्हणजे दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, चारही चाकं काढून बघायला सांगा. आतला-बाहेरचा दोन्ही पॅड बघायचे, ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदलायचे, पिना बाहेर काढून पुसून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, साधं पिवळं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. घरच्या घरी ओळखायचं तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ नुसता हात न्या, रिमला लावू नका, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथं ब्रेक धरलाय. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर करते, ते काय नाही, तेवढ्यात गंज पुसला जातो.

मेस्त्रीला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा, कारण सगळ्यांना माहिती असतेच असं नाही. या गाड्यांत दार उघडलं किंवा ब्रेक दाबला की ब्रेकची सिस्टीम जागी होऊन प्रेशर भरू शकते. पॅड बदलताना पिस्टन आत ढकललेला आणि त्याच वेळी कोणीतरी चार्जिंगला लावलेला मोबाइल घ्यायला दार उघडलं, तर घोटाळा. चावी लांब ठेवायची, बारा व्होल्टचं मायनस काढायचं, थोडं थांबायचं आणि मगच काम. ब्रेक ऑइल बदलून हवा काढायला बऱ्याच हायब्रीडांत स्कॅनर लागतो, तो नसेल तर ते काम तिथं करू नका.

घाट आणि न्यूट्रलची खोड

करूळ, आंबा, फोंडा असा कुठलाही घाट उतरताना 'बी' मोड असेल तर लावा. थोडं खाली आल्यावर मोठी बॅटरी भरते, आता मोटरला करंट ठेवायला जागा नाही, म्हणून गाडी इंजिन फिरवून वेग धरून ठेवते आणि इंजिन एकदम ओरडायला लागतं. पहिल्यांदा ऐकणारा गाडी बाजूला घेतो. काही झालेलं नसतं. सपाटीला आलं की 'डी'त टाका, बी मोडवर गावभर फिरण्यात फायदा नाही.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे आपल्यात कमी नाहीत. हायब्रीडात उलटं होतं, न्यूट्रलला बॅटरी भरतच नाही, म्हणजे फुकटचा करंट गेला आणि ब्रेक तापले ते वेगळंच. कावळा नाक्याच्या सिग्नलला किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत एसी लावून न्यूट्रलला उभं राहायची सवयही सोडा, एसी बॅटरी खात राहतो आणि गाडी ती भरू शकत नाही. ब्रेक दाबून 'डी'त किंवा जास्त वेळ असेल तर 'पी'त (पार्किंगला) ठेवा.

कूलंट आणि ऑइल

बॉनेटखाली बहुतेक वेळा कूलंटच्या दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची. लोक इंजिनाची बघतात आणि दुसरी विसरतात. दोन्ही गाडी थंड असताना बघायच्या, लेव्हल दोन रेघांच्या मधे पाहिजे. जुन्या टोयोटांत गाडी रेडीत असताना इन्व्हर्टरच्या टाकीत पाणी हलताना दिसलं पाहिजे, अगदी शांत असेल तर पंप बंद पडलेला असू शकतो, आणि इन्व्हर्टर तापला तर दुखणं मोठं. कमी झालं तर कंपनीनं सांगितलेलंच कूलंट टाका, पेट्रोल पंपावरचं हिरवं किंवा नळाचं पाणी नको.

इंजिन कमी चालतं म्हणून ऑइल जास्त टिकतं असं समजू नका. राजारामपुरी ते रंकाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीत इंजिन मधेमधे चालू होतं आणि नीट तापायच्या आत बंद पडतं, त्यामुळं ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि पेट्रोल मिसळत जातं. किलोमीटर झाले नसले तरी वर्षाला बदला, आणि झीरो डब्ल्यू सोळा सांगितलं असेल तर तेच घ्या, 'जाड ऑइल बरं' हा सल्ला जुन्या गाड्यांचा. ट्रान्समिशनचं ऑइल लाइफटाइम आहे असं सांगणारे भेटतील. माझं मत, लाखभर किलोमीटरच्या आसपास बदलून घ्यावं, पण त्या गाडीचंच, कारण टोयोटाच्या हायब्रीडात मोटरच्या गुंडाळ्या त्याच ऑइलमध्ये असतात, साधं गिअर ऑइल तिथं चालत नाही.

मायलेजची तक्रार असेल तर स्कॅनरच्या आधी टायरची हवा बघा. ग्रँड विटारा हायब्रीडचा एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, तो लॅबमधला, आणि शिवाय आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-ट्वेंटी मिळतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळं थोडा फरक पडणारच. ऊस आपलाच, इथेनॉल आपलंच, तक्रार कोणाकडं करायची.

उंदीर

हंगाम सुरू झाला, ऊस तुटला की रानातले उंदीर वस्तीकडं येतात आणि गरम बॉनेट त्यांना आवडतं. एकदा नारंगी केबलचं आवरण कुरतडलं की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड येतो पी०एए६, म्हणजे हाय व्होल्टेज कुठंतरी बॉडीकडं गळतंय, आणि बऱ्याचदा एकदा बंद केल्यावर गाडी परत रेडीत येत नाही. अशा वेळी चिकटपट्टी गुंडाळून बघायचं नाही, सरळ गाडी उचलून न्यायची. शेतातल्या घरी गाडी असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवून आत उजेड पडेल असा दिवा, खालून तारेची जाळी, आणि गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. इन्शुरन्समध्ये उंदराचं नुकसान धरलंय का ते आधीच वाचून ठेवा.

पुराचं पाणी

२०१९ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. दुधाळी, शाहूपुरी, बापट कॅम्प या बाजूला राहत असाल तर ३९ चा मेसेज आला की गाडी उंचावर नेऊन लावा, ४३ ची वाट बघू नका.

पाण्यात बुडालेली हायब्रीड चालू करायचा प्रयत्नच करायचा नाही, बटण दाबून 'बघू तरी' नाही. पाणी ओसरल्यावर बॅटरी वर दिसत असली आणि हात सुरक्षित पोचत असेल तरच बारा व्होल्टचं मायनस काढा, नाहीतर तेही राहू दे. फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा, फ्लॅटबेडवर टाकून न्या. दोरी बांधून ओढायची नाही, पुढची चाकं रस्त्यावर फिरली की आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते, नुकसान वाढतं. हा नियम पूर नसतानाही लागू, पुढची चाकं जमिनीवर ठेवून टोइंग नाही.

वॉर्निंग आली तर, आणि जुनी घेताना

ओबीडीचं (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं) ब्लूटूथवालं छोटं यंत्र आणि मोबाइलवर ॲप, एवढ्यानं कोड वाचता येतो. पी०ए८० म्हणजे मोठ्या बॅटरीच्या पॅकबद्दल तक्रार, पी०ए९३ म्हणजे इन्व्हर्टर थंड होत नाही. कोड लिहून घ्या, फोटो काढा, लगेच पुसू नका, पुसला तर पुढच्या माणसाला मागचं काही कळत नाही. लाल दिवा किंवा 'गाडी थांबवा' असा मेसेज असेल तर बाजूला घ्या, पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल तर हळू घरापर्यंत आणता येते.

पी०ए८० आला तरी सगळा पॅक संपला असं नसतं. प्रियसच्या पॅकमध्ये ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल (सेलचे गठ्ठे) असतात, त्यातला एक सेल गेला की ते मॉड्यूल बाकीच्यांपेक्षा साधारण १.२ व्होल्टनं खाली दिसतं. ॲपमध्ये ब्लॉकचे (दोन-दोन मॉड्यूलच्या जोडीचे) व्होल्टेज बघा, चढावर जोर लावताना एकच ब्लॉक सतत खाली पडत असेल तर तोच गुन्हेगार. एक मॉड्यूल बदलून गाडी चालू करून देणारे आहेत, पण बाकीचे सत्तावीस तेवढेच जुने असतात, म्हणून तो उपाय गाडी विकायची असेल किंवा थोडे दिवस काढायचे असतील तेव्हाच ठीक. तुमची गाडी नवी असेल तर आधी वॉरंटी बघा, टोयोटा आणि मारुती दोघंही हायब्रीड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, आणि बाहेर वायर कापून ॲम्प्लिफायर, एलईडी, प्रेशर हॉर्न लावले असतील तर त्यावरून वाद होऊ शकतो.

एमएच शून्य नऊची जुनी हायब्रीड घेत असाल तर सकाळी गाडी थंड असताना जा, मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या भागात चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरातली. सीटजवळची जाळी उघडून बघा, स्पेअर टायरच्या खड्ड्यात गंज आहे का, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये हायब्रीड चेक झालाय का, दोन्ही कूलंट बरोबर रंगाचे आहेत का. मग मोटरवर हळू चालवा, कात्यायनीच्या बाजूचा चढ चढवा, उतरताना मीटरवरच्या बॅटरी चार्जच्या कांड्या कशा हलतात ते बघा. दोन-तीन मिनिटांत पूर्ण भरून परत तेवढ्याच झटक्यात रिकाम्या होत असतील तर बॅटरी थकलेली आहे, किंमत त्या हिशेबानं पाडा नाहीतर दुसरी गाडी बघा.